'आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स' यात नेमकं काय चुकतं? प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसबद्दल प्रश्न

रानजाई:

प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसची रचना पाठ आहे. कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग बीन, मग क्रियापदाचं आयएनजी रूप. 'फॉर किंवा सिन्स दिसलं की हाच काळ' हा शाळेतला नियमही पाठ आहे. पण त्या नियमाने लिहिलेली बरीच वाक्यं चुकीची ठरतात, आणि फॉर-सिन्स अजिबात नसलेल्या वाक्यांत हाच काळ कसा येतो याचा उलगडा होत नाही. खालची सात वाक्यं तपासून द्याल का? नुसतं दुरुस्त वाक्य नको, चूक का झाली तेही सांगा.

१. आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स फाइव्ह इयर्स.
२. आय हॅव बीन नोइंग हिम फॉर टेन इयर्स.
३. शी हॅज बीन रायटिंग थ्री रिपोर्ट्स सिन्स मॉर्निंग.
४. आय हॅव बीन स्टार्टिंग धिस कोर्स सिन्स जून.
५. आय हॅव नॉट बीन ईटिंग एनिथिंग सिन्स यस्टर्डे.
६. युअर आइज आर रेड. वेअर यू क्रायिंग?
७. हाऊ लाँग आर यू स्टेइंग हिअर?

सहावं आणि सातवं तर व्याकरणाला धरून वाटतं. तरी सातव्याला समोरचा माणूस भलतंच उत्तर देतो.

अनुस्वार:

पहिलं आणि सातवं मी घेतो, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे.

'मी वाट बघतोय' आणि 'मी दोन तासांपासून वाट बघतोय' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. क्रियापद दोन्हीकडे तेच, 'बघतोय'. मागे पसरलेला वेळ सांगायचं सगळं काम एकटं 'पासून' करतं, क्रियापदाला काही करावं लागत नाही. इंग्रजीत मात्र हा भार क्रियापदाने उचलावा लागतो. 'आय ॲम वेटिंग' आत्ताच्या घडीचं सांगतं, फार तर पुढचं. मागून आत्तापर्यंतची लांबी मोजायची ताकद त्यात नाही. ती 'हॅव' मधून येते, कारण हॅव मागचा काळ आत्ताशी जोडतं, आणि 'बीन' पुढचं आयएनजी रूप त्या सबंध वेळात क्रिया चालत राहिल्याचं सांगतं. फॉर-सिन्स ही नुसती खूण आहे. कारण आहे ते मागून आत्तापर्यंत मोजणं.

म्हणून तपासणी मराठी वाक्यावरच करा. 'पासून', 'गेले दोन तास', 'दोन तास झाले', 'कधीची', 'केव्हापासून' यांपैकी काहीही मनातल्या वाक्यात असेल तर ॲम, इज, आर बंद. 'दोन तास झाले वाट बघतोय' यात 'पासून' नाही, पण मोजणी तीच, म्हणून 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स'. 'हल्ली' थोडं फसवं आहे. त्यासाठी 'लेटली' वापरलंत तर 'ही हॅज बीन कमिंग लेट लेटली' असं हॅव-हॅजच लागतं. 'दीज डेज' वापरलंत तर 'ही इज कमिंग लेट दीज डेज' चालतं.

आता फॉर आणि सिन्स. इथेही अडचण 'पासून'चीच, कारण आपण 'दोन तासांपासून' म्हणतो आणि 'दोन वाजल्यापासूनही' म्हणतो. इंग्रजीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेची लांबी असेल तर फॉर: टू अवर्स, फाइव्ह इयर्स, अ लाँग टाइम, मेनी डेज. घड्याळावर किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा आरंभबिंदू असेल तर सिन्स: टू ओ'क्लॉक, मंडे, जून, २०१९, लास्ट इयर. 'सिन्स लास्ट इयर' बरोबर आणि 'सिन्स लास्ट टू इयर्स' चूक, हे बऱ्याच जणांना गोंधळात टाकतं. पहिल्यात 'गेलं वर्ष' हा आरंभबिंदू आहे, दुसऱ्यात दोन वर्षांची लांबी आहे, म्हणून तिथे 'फॉर द लास्ट टू इयर्स'. 'सिन्स लाँग' आणि 'सिन्स मेनी डेज' हे प्रयोगही याच कारणाने चूक. 'सिन्स मॉर्निंग'ऐवजी 'सिन्स धिस मॉर्निंग' म्हणा, किंवा नुसतं 'ऑल मॉर्निंग'. 'ऑल' आलं की फॉरही नको आणि सिन्सही नको.

'आय हॅव बीन वर्किंग फ्रॉम मंडे' हेही टाळा. 'फ्रॉम'ला दुसरं टोक लागतं: 'फ्रॉम नाइन टु फाइव्ह'. आत्तापर्यंत चालू असलेल्या कामाला सिन्सच हवं. आणि सिन्सच्या पुढे अख्खं वाक्य आलं, तर तिथे एरवी साधा भूतकाळ येतो: 'आय हॅव बीन लर्निंग म्युझिक सिन्स आय केम हिअर'. 'सिन्स आय हॅव कम हिअर' नको.

तर पहिलं वाक्य: 'आय हॅव बीन वर्किंग फॉर धिस कंपनी फॉर फाइव्ह इयर्स'. कंपनीआधी 'इन'पेक्षा 'फॉर' किंवा 'ॲट' जास्त रुळलेलं आहे. दोनदा फॉर खटकत असेल तर 'ॲट' घ्या.

सातवं वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'तुम्ही इथे किती दिवस राहणार आहात?' असा होतो. म्हणूनच उत्तर 'टिल फ्रायडे' असं येतं. 'किती दिवसांपासून राहताय?' विचारायचं असेल तर 'हाऊ लाँग हॅव यू बीन स्टेइंग हिअर?' हीच गत 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' आणि 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' या जोडीची. पहिलं पुढचं विचारतं, दुसरं मागचं. काळ चुकल्याने व्याकरणाचे गुण जातात इतकंच नाही, इथे अख्खा प्रश्नच बदलतो.

तिसरं_रूप:

दोन, तीन आणि चार मी घेते. तिन्हींत चूक एकाच प्रकारची आहे. मागून आत्तापर्यंतची मोजणी आहे, म्हणजे हॅव हवंच, पण 'बीन आणि आयएनजी'ला त्या क्रियापदात किंवा त्या वाक्यात जागा नाही.

दुसरं वाक्य. 'नो' म्हणजे ओळखणं ही क्रिया नाही, स्थिती आहे. ती मिनिटामिनिटाला चालू राहत नाही, असते किंवा नसते. अशा क्रियापदांना स्टेटिव्ह व्हर्ब म्हणतात: नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, ओन, बिलाँग, लाइक, हेट, नीड, मालकीच्या अर्थाचं हॅव. यांना हॅव आणि तिसरं रूप (नो-न्यू-नोन मधलं 'नोन'): 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स', 'शी हॅज हॅड धिस कार सिन्स २०१८', 'धिस हाउस हॅज बिलाँग्ड टु देम फॉर इयर्स'.

मराठीत एक चाचणी बऱ्यापैकी चालते. वाक्याला 'तोय, तेय' लावून बघा. 'मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतोय' कानाला खटकतं, आपण 'ओळखतो' म्हणतो. खटकलं की आयएनजी नको. 'ही गाडी माझ्याकडे असतेय' असं कोणी म्हणत नाही, तिथेही नको. पण 'समजतंय', 'आठवतंय', 'दिसतंय' आपण सर्रास म्हणतो आणि इंग्रजीत 'हॅव बीन अंडरस्टँडिंग', 'हॅव बीन रिमेंबरिंग' सहसा येत नाही. त्यामुळे समजणं, आठवणं, दिसणं अशा क्रियापदांना या चाचणीतून वगळा.

तिसरं वाक्य. अडचण 'थ्री' मध्ये आहे. आयएनजी रूप कामाच्या चालण्याकडे बघतं, किती काम हातावेगळं झालं ते मोजत नाही. तीन अहवाल लिहून झाले असतील तर 'शी हॅज रिटन थ्री रिपोर्ट्स सिन्स धिस मॉर्निंग'. सकाळपासून ती त्यातच गुंतली आहे एवढंच सांगायचं असेल तर संख्या काढा: 'शी हॅज बीन रायटिंग रिपोर्ट्स सिन्स धिस मॉर्निंग'. 'हाऊ लाँग'च्या उत्तरात आयएनजी, 'हाऊ मेनी' आणि 'हाऊ मच'च्या उत्तरात तिसरं रूप. 'टू टाइम्स', 'ट्वाइस', 'फाइव्ह टाइम्स' हीसुद्धा संख्याच. 'आय हॅव बीन कॉलिंग यू फाइव्ह टाइम्स' चूक, 'आय हॅव कॉल्ड यू फाइव्ह टाइम्स' बरोबर.

मात्र संख्या दिसली की आयएनजी बाद, असा नवा घोकंपट्टीचा नियम करू नका. 'शी हॅज बीन लुकिंग आफ्टर थ्री चिल्ड्रन ऑल डे' अगदी बरोबर आहे. तिथे तीन हा पूर्ण झालेल्या कामाचा आकडा नाही, तीन मुलं एकाच वेळी सांभाळली जात आहेत.

चौथं वाक्य. स्टार्ट, स्टॉप, फिनिश, जॉइन, लूज, फाइंड, डाय ही क्षणात संपणारी क्रियापदं. सुरुवात जूनपासून आजपर्यंत चालू राहू शकत नाही. चालू असतो तो कोर्स. म्हणून 'आय स्टार्टेड धिस कोर्स इन जून', नाहीतर 'आय हॅव बीन डुइंग धिस कोर्स सिन्स जून'. 'आय हॅव स्टार्टेड धिस कोर्स सिन्स जून' हा मधला मार्गही नाही, कारण सिन्स आणि स्टार्ट एकत्र नांदत नाहीत. तसंच 'ही हॅज डाइड सिन्स टू इयर्स' चूक. 'ही डाइड टू इयर्स अगो' किंवा 'ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स'.

ते शेवटचं वाक्य नीट बघा. तिथे 'बीन' आहे पण आयएनजी नाही, कारण 'डेड' हे विशेषण आहे. 'असणं' हेच क्रियापद असेल तेव्हा हॅव बीन एवढ्यावरच वाक्य पुरं होतं: 'शी हॅज बीन इल फॉर अ वीक', 'वी हॅव बीन फ्रेंड्स सिन्स स्कूल', 'दे हॅव बीन मॅरिड फॉर फाइव्ह इयर्स'. 'दे आर मॅरिड सिन्स फाइव्ह इयर्स' ही फार ऐकू येणारी चूक आहे.

क्षणिक क्रियापद वारंवार घडत असेल तर मात्र आयएनजी शोभतं. 'समवन हॅज बीन नॉकिंग ऑन द डोअर' म्हणजे कोणीतरी पुन्हा पुन्हा ठोठावतंय. 'ही हॅज बीन कॉफिंग ऑल नाइट' म्हणजे रात्रभर एकच खोकला नव्हे, हे उघड आहे.

पूर्णविराम:

सहावं वाक्य माझ्याकडे.

या काळाचा दुसरा उपयोग शाळेत फार घाईत उरकतात, आणि त्यात फॉर-सिन्स लागतच नाही. क्रिया नुकतीच थांबलेली असते, पण तिची खूण आत्ता डोळ्यांसमोर असते. डोळे लाल आहेत: 'हॅव यू बीन क्रायिंग?' रस्ते ओले आहेत पण आता पाऊस नाही: 'इट हॅज बीन रेनिंग'. धाप लागली आहे: 'आय हॅव बीन रनिंग'.

मराठीत अशा वेळी आपण 'रडत होतीस का?' म्हणतो, म्हणजे अपूर्ण भूतकाळ, आणि तोच इंग्रजीत उतरतो. 'वेअर यू क्रायिंग?' हे वाक्य म्हणून चुकीचं नाही, पण ते मागच्या कुठल्यातरी ठरावीक क्षणाबद्दल विचारतं: 'व्हेन आय कॉल्ड लास्ट नाइट, वेअर यू क्रायिंग?' समोरचे लाल डोळे बघून विचारताना क्षण मागचा नाही, खूण आत्ताची आहे, म्हणून 'हॅव यू बीन क्रायिंग?'

थोडक्यात, काम चालू असेल किंवा आत्ताच थांबलं असेल तर आयएनजी, आणि पूर्ण संपलं असेल तर तिसरं रूप.

तिसरं_रूप:

पूर्णविराम, खुणेचा मुद्दा मोलाचा आहे, पण शेवटच्या ओळीशी सहमत नाही. 'चालू की संपलं' ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसते. 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स' यात तिसरं रूप आहे, तरी राहणं चालूच आहे. उलट 'आय हॅव बीन पेंटिंग द डोअर' यात आयएनजी आहे, तरी ब्रश खाली ठेवलेला असू शकतो.

फरक नजर कशावर आहे त्याचा. दरवाजाचंच उदाहरण धरा. 'आय हॅव पेंटेड द डोअर' म्हणालात तर नजर दरवाजावर: रंगवून झाला, बघा. 'आय हॅव बीन पेंटिंग द डोअर' म्हणालात तर नजर रंगवण्यावर: म्हणून हात बरबटलेत, म्हणून फोन उचलला नाही. दरवाजा पुरा झाला की अर्धा राहिला ते या वाक्यात सांगितलेलंच नाही. 'समवन हॅज ईटन माय बिस्किट्स' म्हणजे डबा रिकामा. 'समवन हॅज बीन ईटिंग माय बिस्किट्स' म्हणजे डब्यात काही उरली आहेत, पण कमी झाली आहेत, आणि बोलणाऱ्याचा कोणावर तरी संशय आहे.

लिव्ह, वर्क, टीच, स्टडी यांसारख्या मोजक्या क्रियापदांत कालावधी दिला असेल तर दोन्ही रूपं चालतात. फरक सूक्ष्म आहे: आयएनजी रूपात तात्पुरतेपणाची छटा येते, साध्या रूपात स्थैर्य. 'आय हॅव बीन लिव्हिंग विथ अ फ्रेंड फॉर टू वीक्स' पण 'माय पेरेंट्स हॅव लिव्हड इन धिस हाउस फॉर फॉर्टी इयर्स'. 'ऑलवेज' आलं की साधंच: 'आय हॅव ऑलवेज लिव्हड हिअर'. उभं राहण्याचं उदाहरण तर फारच स्पष्ट आहे. माणूस असेल तर 'ही हॅज बीन स्टँडिंग ॲट द गेट फॉर ॲन अवर', झाड असेल तर 'धिस ट्री हॅज स्टुड हिअर फॉर टू हंड्रेड इयर्स'.

रानजाई:

नजर कशावर आहे ही कसोटी पटली. आता तीन शंका. 'थिंक' स्टेटिव्ह असेल तर 'आय हॅव बीन थिंकिंग अबाउट इट' कसं चालतं? पाचव्या वाक्याला कोणी हात लावला नाही, त्यात चूक काय? आणि काल दोन तास वाट बघितली, आज ते सांगायचं आहे, तर कुठला काळ?

अनुस्वार:

पहिली शंका. स्टेटिव्ह हा शिक्का क्रियापदावर नसतो, अर्थावर असतो. 'थिंक'चा अर्थ 'मत असणं' असेल तर स्थिती, 'विचार करत राहणं' असेल तर क्रिया. म्हणून 'आय हॅव ऑलवेज थॉट सो' आणि 'आय हॅव बीन थिंकिंग अबाउट इट' दोन्ही बरोबर. हॅवचंही तसंच: मालकीच्या अर्थाने 'आय हॅव हॅड धिस फोन फॉर अ इयर', पण त्रास होत असेल तर 'आय हॅव बीन हॅविंग ट्रबल विथ धिस फोन'. 'सी' म्हणजे दिसणं असेल तर आयएनजी नको, नियमित भेटणं असेल तर 'शी हॅज बीन सीइंग अ डॉक्टर'. प्रकृतीच्या अर्थाने 'फील' चालतं: 'आय हॅव्हन्ट बीन फीलिंग वेल'. 'वाँट' आणि 'मीन' एरवी स्थितीची क्रियापदं, पण 'आय हॅव बीन मीनिंग टु कॉल यू' हा रुळलेला प्रयोग आहे. कधीपासून फोन करायचं मनात आहे, राहून जातंय, असा त्याचा अर्थ.

तिसरी शंका. 'काल' म्हणजे बंद झालेला वेळ. यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ यांच्यासोबत हॅव येतच नाही. 'आय वेटेड फॉर टू अवर्स यस्टर्डे' बास. फॉर आहे, तरी परफेक्ट नाही. फॉर दिसलं की हा काळ, हा नियम इथे उघडा पडतो. 'यस्टर्डे' बाद, पण 'सिन्स यस्टर्डे' चालतं, कारण ते आत्तापर्यंत येऊन भिडतं. मित्र समोर आल्या आल्या म्हणाल तर 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स', कारण वाट बघणं आत्ताच थांबलं. दुसऱ्या दिवशी तीच हकीकत सांगताना 'आय हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन ही केम'. आत्ताची जागा 'तो आला तेव्हा'ने घेतली, म्हणून हॅवचं हॅड झालं.

कर्ता_कर्म:

पाचव्या वाक्याबद्दल. नकार आला की हा काळ वेगळाच वागतो. कालपासून काहीच खाल्लं नाही, म्हणजे खाण्याची क्रिया एकदाही घडली नाही. जी घडलीच नाही ती चालत राहणार कशी? तिथे तिसरं रूप: 'आय हॅव्हन्ट ईटन एनिथिंग सिन्स यस्टर्डे'. तसंच 'इट हॅजन्ट रेन्ड फॉर टू मंथ्स'.

नकारात आयएनजी येतं ते सवय किंवा दर्जा बिघडला असेल तेव्हा. 'आय हॅव्हन्ट स्लेप्ट फॉर टू डेज' म्हणजे दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. 'आय हॅव्हन्ट बीन स्लीपिंग वेल' म्हणजे झोप होते, पण नीट होत नाही. डॉक्टरला सांगताना या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे.

नकार, आयएनजी आणि फॉर हे तिन्ही एकत्र आले तर वाक्य दुहेरी होतं. 'आय हॅव्हन्ट बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स' याचा अर्थ 'मला इथे दहा वर्षं झालेली नाहीत' असाही निघतो आणि 'दहा वर्षं मी इथे कामाला नाही' असाही. 'फार दिवस झाले नाहीत' म्हणायचं असेल तर 'लाँग' वापरा, फॉरशिवाय: 'आय हॅव्हन्ट बीन वर्किंग हिअर लाँग'. प्रश्नातही तेच: 'हॅव यू बीन वेटिंग लाँग?'

आता रचनेतल्या चुका, कारण काळ बरोबर निवडूनही वाक्य इथे घसरतं.

बीन आणि बीइंग. 'आय हॅव बीइंग वर्किंग' असं लिहिलेलं खूप दिसतं. हॅव, हॅज, हॅड यांच्या पुढे बीइंग कधीच नाही, या काळात कायम बीनच. ऐकून लिहिताना घोटाळा होतो कारण भरभर बोलताना 'बीन'चा उच्चार आखूड, 'बिन' असा होतो आणि 'हॅव'चा नुसता 'व' उरतो. 'आयव्ह बिन वेटिंग' असं कानावर पडतं, पण लिहिताना पूर्ण शब्द हवेत.

'हीज बीन'. बोलताना 'ही इज' आणि 'ही हॅज' दोन्ही 'हीज' होतात. मागोमाग बीन असेल तर तो हॅजच. 'ही इज बीन वर्किंग' असं काही नसतं. 'द वर्क इज बीन डन' ही त्याचीच भावंडं. तिथे किंवा 'इज बीइंग डन' हवं, किंवा 'हॅज बीन डन'.

बीनच्या पुढे आयएनजी की तिसरं रूप, यावर क्रिया करणारा बदलतो. 'आय हॅव बीन टीचिंग इंग्लिश फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे मी शिकवतोय. 'आय हॅव बीन टॉट इंग्लिश फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे मला शिकवलं जातंय. नोकरीच्या अर्जात 'आय हॅव बीन ट्रेन्ड' आणि 'आय हॅव बीन ट्रेनिंग' यांची अदलाबदल झाली तर प्रशिक्षण घेतलं की सुरू आहे की देताय, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

कर्मणी प्रयोग या काळात जवळपास टाळतात. 'द रोड हॅज बीन बीइंग रिपेअर्ड फॉर मंथ्स' व्याकरणात बसतं पण अवघडलेलं वाटतं. 'दे हॅव बीन रिपेअरिंग द रोड फॉर मंथ्स' म्हणा, किंवा 'द रोड हॅज बीन अंडर रिपेअर फॉर मंथ्स'.

रानजाई:

एका सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला पाठवायचा मजकूर आहे. वर सांगितलेलं लावून बघायला मुद्दाम मूळ रूपातच देते:

'आय ॲम यूझिंग युअर सॉफ्टवेअर सिन्स लास्ट थ्री मंथ्स. सिन्स लास्ट वीक इट इज गिव्हिंग ॲन एरर. आय हॅव बीन कॉलिंग युअर ऑफिस फाइव्ह टाइम्स. आय हॅव बीन सेंडिंग द स्क्रीनशॉट यस्टर्डे. आय ॲम नॉट रिसीव्हिंग एनी रिप्लाय टिल नाऊ.'

अनुस्वार:

एकेक वाक्य घेऊ.

'आय हॅव बीन यूझिंग युअर सॉफ्टवेअर फॉर द लास्ट थ्री मंथ्स.' मोजणी आत्तापर्यंत येते म्हणून ॲम गेलं, तीन महिने ही लांबी आहे म्हणून सिन्स गेलं.

'सिन्स लास्ट वीक इट हॅज बीन गिव्हिंग ॲन एरर.' इथे सिन्स बरोबरच होतं, फक्त इज बदललं. एरर पुन्हा पुन्हा येतेय, म्हणून आयएनजी हवंच. 'इट हॅज गिव्हन ॲन एरर' लिहिलंत तर एकदाच आली असं वाटेल आणि तक्रारीचं वजन कमी होईल. नेमका वार माहीत असेल तर 'सिन्स लास्ट ट्यूजडे' लिहा, मदतकेंद्राला त्या दिवसाच्या नोंदी शोधता येतात.

'आय हॅव कॉल्ड युअर ऑफिस फाइव्ह टाइम्स.' संख्या आली, तिसरं रूप आलं.

'आय सेंट द स्क्रीनशॉट यस्टर्डे.' काल बंद झालेला वेळ, आणि पाठवणं एकदाच घडलं. आयएनजीही नाही, हॅवही नाही.

'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय येट.' उत्तर एकदाही आलं नाही, म्हणजे कर्ता_कर्म यांनी सांगितलेला नकार. 'टिल नाऊ'मुळे आता उत्तर आलं असावं असंही वाटू शकतं. 'येट' किंवा 'सो फार' मध्ये तो संशय राहत नाही.

कर्ता_कर्म:

तिसऱ्या वाक्याबद्दल एक भर. 'आय हॅव बीन कॉलिंग युअर ऑफिस ऑल वीक' हेही व्याकरणात चोख आहे, पण त्यात वैताग ऐकू येतो. या काळात क्रिया लांबल्याची जाणीव असते, त्यामुळे समोरच्याच्या दिरंगाईबद्दल किंवा वागण्याबद्दल लिहिताना तो सहज आरोपासारखा वाचला जातो. 'यू हॅव बीन इग्नोअरिंग माय मेल्स' हे उघड भांडण आहे. पहिल्याच पत्रात 'आय हॅव कॉल्ड फाइव्ह टाइम्स' हा कोरडा आकडा पुरे. दुसऱ्या स्मरणपत्रातही दाद लागली नाही, तर 'ऑल वीक' राखून ठेवलेलं आहेच.